शेवटचं येण्याचा सराव

आमच्या भरे गावातल्या घरात पहिला मान बैलांचा, दुसरा आप्पांचा, आणि त्यातून काही उरलंच तर ते आई आणि मी वाटून घ्यायचो. आप्पा म्हणजे माझे वडील. घरची भातखाचरं होती, माळावर नाचणी होती, पण आप्पांचा जीव होता तो सरदार आणि चित्र्या या बैलजोडीत. दोघं शर्यतीचे. त्यांना पहाटे उडदाचं पीठ, वर दूध, आणि वर अंडी. आमच्या कोंबड्या ज्या काही कष्टानं अंडी घालायच्या ती थेट सरदारच्या नरड्यात जायची. मला अंडं खायचं असेल तर आजारी पडावं लागे, आणि तेही बैल तंदुरुस्त असतील त्या दिवशीच. आई चुलीपुढं बसून तांदळाची भाकरी थापताना म्हणायची, ‘पुढच्या जन्मी ह्या घरात बैल म्हनून ये गं शाले, लाड व्हतील तुजे.’ आणि गोठ्यातून आप्पांचा आवाज यायचा, ‘बैल व्हायला पुन्य लागतं!’

आप्पांना पहिलं येण्याचा नाद होता. नुसत्या बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर नव्हे, सगळीकडे. लग्नात पहिली पंगत, रेशनला पहिला नंबर, जत्रेत पहिला नारळ. गावात कुणी वारलं तरी स्मशानात आप्पा सगळ्यांच्या आधी. एकदा तर ते मयताच्याही आधी पोचले आणि वाट बघत बसले. घाटात त्यांची बारी, म्हणजे त्यांच्या गाड्याची धाव, पहिली आली की पुढचे आठ दिवस घरात हलगी वाजत असल्यासारखं वाटायचं, कारण आप्पा जेवतानासुद्धा ताटावर बोटांनी तोच ठेका धरायचे. आणि बारी जर बबनतात्यांच्या जोडीनं मारली, तर आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं भाकरीसुद्धा थापायची नाही. बबनतात्या आमच्या बांधाला बांध लावून राहायचे. आप्पांचं आणि त्यांचं वैर कशावरून होतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण ते दोघंही मनापासून सांभाळत होते.

अशा घरातली मी एकुलती एक पोर शिकायला गेले ती सिस्टरांच्या शाळेत. आमच्या माळाच्या वरच्या अंगाला पत्र्याच्या छपराची ती शाळा होती, दारावर लाकडी क्रूस, पुढं हातपंप, मागं भाजीचे वाफे. सिस्टर एलिझा तिथल्या मुख्य. वसईच्या, बारीक चणीच्या, पण आवाज असा की गुरं वळावीत. आईनं मला तिथं घातलं, कारण शाळा पायी जाण्याजोगी होती. आप्पांना आधी वाटलं, पोरीला बाटवतात की काय. म्हणून ते एक दिवस चोरून कुंपणाबाहेर उभे राहिले. आत काय दिसलं, तर भातलावणीच्या चिखलातून आलेल्या पोरांना सिस्टर हातपंपापाशी बसवून एकेकाचे पाय स्वतःच्या हातानं धुत होत्या. त्यांच्या येशूनंही म्हणे आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, आणि ज्याला मोठं व्हायचंय त्यानं याच कामापासून सुरुवात करावी असं सिस्टरांचं म्हणणं. आप्पा घरी येऊन म्हणाले, ‘बाटवत न्हाईत. पर काय करत्यात त्ये बी मला कळलं न्हाई.’

त्यांना कळावं असं पुढंही फारसं काही घडलं नाही. शाळेत संडास झाडायची पाळी सगळ्यांना होती, सोमवारी ती स्वतः सिस्टरांची. माझी पाळी आली तेव्हा आप्पांनी घर डोक्यावर घेतलं. ‘बाटवलं आसतं तर चार मानसांत बोलता तरी आलं आसतं. हातात खराटा दिला ह्ये कुनाला सांगू?’ दुपारी सगळ्यांचे डबे एका मोठ्या परातीत उलटे व्हायचे आणि त्यातून सगळ्यांना वाढलं जायचं. आमच्या घरची इंद्रायणीची खिचडी, कुणाची नाचणीची भाकरी, कुणाची नुसतीच चटणी, आणि कातकरी वाडीतल्या ठकूकडून कधी ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. ‘आज काय खाल्लंस?’ असं आप्पांनी विचारलं आणि मी ‘ठकूच्या घरचे खेकडे’ म्हणाले, तेव्हा घरात अशी शांतता पसरली की गोठ्यातला रवंथ ऐकू आला. कातकऱ्यांच्या घरचं आमच्याकडं कुणी कधी खाल्लं नव्हतं. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला, दाराकडे बघितलं, आणि खालच्या आवाजात विचारलं, ‘तिखट व्हते का?’ सामाजिक न्याय हा शब्द मी पुढं फार वर्षांनी पुण्यात एका भाषणात ऐकला. वक्ता मोठा होता, शब्दही मोठा होता, आणि मला सारखी ती परात आठवून तोंडाला पाणी सुटत होतं. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, ‘तुम्ही फार भारावलेल्या दिसता.’

ठकू माझी मैत्रीण. लहानपणीच्या तापात तिचा एक पाय बारीक राहिला होता, त्यामुळे ती चालताना एका बाजूला झुकायची, आणि भांडताना मात्र सरळ उभी राहायची. दिवाळीनंतर तिचे आईबाप वीटभट्टीवर जायचे, तेव्हा सिस्टर तिला शाळेतच ठेवून घेत. शाळेच्या शर्यतीत ती दर वर्षी शेवटची यायची आणि मी पहिली. पण सिस्टरांच्या शर्यतीचा नियमच वेगळा होता. जो पहिला येईल त्यानं माघारी जायचं, जो शेवटचा असेल त्याचा हात धरायचा आणि त्याला घेऊन यायचं. शेवटचं मूल रेघेच्या अलीकडे आलं की शर्यत संपली. आणि सगळ्या वर्गाच्या वतीनं ढाल हातात घ्यायची ती त्या शेवटच्यानं.

हे आप्पांना समजावणं म्हणजे म्हशीला पाळण्यात झोपवणं. ‘पयली आलीस का?’ ‘आले.’ ‘वा! मंग?’ ‘मग परत गेले.’ ‘परत? कुटं?’ ‘ठकूला आणायला.’ आप्पांनी कपाळावर हात मारला. ‘आगं, निशान पडल्यावर गाडा कदी माघारी फिरतो व्हय? आन् ढाल?’ ‘ढाल ठकूनं घेतली.’ आप्पा त्या दिवशी बैलांशीसुद्धा बोलले नाहीत. मला पिरंगुटच्या दुसऱ्या एका शाळेत घालायचं त्यांच्या डोक्यात तेव्हापासून घोळायला लागलं. त्या शाळेत वर्गातल्या पहिल्या तीन पोरांचे फोटो भिंतीवर लावत. मी एकदा बघून आले होते. फोटोतली तिन्ही पोरं पोटात दुखत असल्यासारखी दिसत होती. मला त्या भिंतीवर जायचं नव्हतं. मला ठकू हवी होती, परात हवी होती, संडासाची पाळीसुद्धा चालली असती.

घोटाळा झाला तो पालकसभेत. त्या सभेला सिस्टरांनी मुद्दाम बापांना बोलावलं होतं. आमच्या गावातले सगळे फेटेवाले सतरंजीवर मांडी घालून बसले, आप्पा अर्थातच पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून, कारण दुसरी जागाच नव्हती म्हणून, बबनतात्या. सिस्टर मनापासून बोलल्या. म्हणाल्या, ‘इथून शिकून तुमचं मूल किती पुढं गेलं हे मी विचारणार नाही. जाताना कुणाला बरोबर नेलं ते विचारीन. जगात पहिल्याला मान देणारे पुष्कळ आहेत. आमच्या शाळेत सगळ्यांत मोठा मान शेवटच्याचा.’ बाकीचं सगळं भाषण आमच्या गावच्या डोक्यावरून कोंबडं उडावं तसं उडून गेलं. पण ‘सगळ्यांत मोठा मान’ एवढं मात्र प्रत्येकाच्या डोक्यात बसलं. जिथं मान आहे तो दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायचा नाही, हे आमच्याकडे पोरं आईच्या दुधाबरोबर शिकतात. तात्यांचा मुलगा दिल्या माझ्याच वर्गात. आप्पांनी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी आप्पांकडे. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली हे मला लांबून, खिडकीतूनही दिसलं.

घरी येताच आप्पांनी जाहीर केलं, ‘शाले, यंदा तू शेवटची यायचंस. आन् ऐक, ढाल जर तात्याच्या घरात गेली, तर दुसऱ्या दिवशी तुजं नाव काढून पिरंगुटला घालीन. शब्द हाय माजा.’ आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ते एकदा रागाच्या भरात ‘आता चहा पिनार न्हाई’ म्हणाले होते आणि मग त्यांनी मरेपर्यंत चहाला तोंड लावलं नाही, नुसता वास घ्यायचे. आई म्हणाली, ‘आवं, शेवटचं यायला काय शिकवायचं आसतं व्हय? मी जल्मभर येतीया.’ पण आप्पांचं लक्ष नव्हतं.

मग माझा सराव सुरू झाला. आमची राधी म्हैस तेव्हा गाभण होती, दिवस भरत आलेले. संध्याकाळी तिला ओढ्यावर सोडायचं आणि मी तिच्या मागं चालायचं. पुढं जायचं नाही, हा नियम. राधी दोन पावलं टाकायची, उभी राहायची, आयुष्याचा विचार करायची, मग पुन्हा दोन पावलं. मी जरा पुढं झाले की आप्पा बांधावरून ओरडायचे, ‘घाई करू नगंस! दम धर! आत्ता हरायची येळ हाय!’ मला पहिल्यांदाच अंडी मिळायला लागली, रोज, कारण जड झाल्याशिवाय पोर सावकाश पळायची नाही असा आप्पांचा हिशेब. सरदार माझ्याकडे वाईट नजरेनं बघायचा. पलीकडच्या शिवारात दिल्याला पाठीवर भाताचं पोतं देऊन चालवत होते म्हणे. गावात बातमी फुटली, आणि बाकीच्या बापांनाही वाटलं की आपण मागं राहतोय, म्हणजे पुढं राहतोय, म्हणजे काय ते त्यांनाही नीट सांगता येईना. पण आठवड्याभरात आख्ख्या वर्गाची पोरं संध्याकाळी गुरांच्या मागं रेंगाळताना दिसायला लागली. त्या आठवड्यात गावातल्या म्हशींना कधी नव्हे ती एवढी सोबत मिळाली.

दिल्या मुळातच आळशी. त्याला हरवणं, म्हणजे त्याच्यापुढं हरणं, अवघड होतं. मी ठकूला काही सांगितलं नाही. शाळा सुटली की ती सिस्टरांबरोबर वाफ्यांना पाणी घालायची, आणि मी राधीच्या शेपटीकडे बघत हरायला शिकायची.

शर्यतीच्या दिवशी आप्पा फेटा बांधून, गुलालाची पिशवी आणि हलगीवाला घेऊन हजर. तात्यांनीही हलगीवाला आणलेला. माळ माणसांनी भरला. पलीकडच्या टोकाला रेघेवर सिस्टर लाल दोरी धरून उभ्या होत्या, ज्याच्या छातीनं ती तुटेल तो पहिला. शिट्टी वाजली.

कुणीच हललं नाही.

सिस्टरांना वाटलं शिट्टी ऐकू गेली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा वाजवली. मग हळूहळू पोरं निघाली, अशी की काट्यातून अनवाणी चालताहेत. एकजण दर पावलाला बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या पायात बूटच नव्हता. मी आणि दिल्या सुरुवातीच्या रेघेवर खांबासारखे उभे. लोक बेभान झाले. ‘थांब रं, थांब! वाह रं गडी! काय थांबतोय!’ दोन्ही हलग्या कडाडत होत्या. तात्या ओरडले, ‘दिल्या, खाली बस!’ दिल्या मांडी घालून बसला. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि गरजले, ‘शाले, मागं सर!’ मी एक पाऊल मागं घेतलं. जमाव ‘हो’ करून ओरडला. आता माझा नंबर दिल्याच्याही मागं होता. तात्यांना ते सहन होईना. ‘ऊठ रं! तू बी सर मागं!’ मग आम्ही दोघंही रेघ सोडून उलटे चालायला लागलो, एकमेकांवर डोळा ठेवून, हातपंपाच्या दिशेनं. आख्खा गाव आमच्याबरोबर मागं मागं सरकत होता. हातपंप गेला, भाजीचे वाफे गेले, दिल्या टोमॅटोत पडला आणि तसाच खुरडत मागं निघाला. शेवटी माझी पाठ संडासाच्या भिंतीला लागली आणि मागं जायला जागाच उरली नाही. दिल्याही तिथंच येऊन टेकला. आप्पा आणि तात्या भिंत किती जाड आहे ते चाचपायला लागले.

‘मी पयली आले.’

आवाज बारीक होता. कुणाचं लक्ष गेलं नाही. तात्या म्हणत होते की दिल्याचं ढुंगण शालीपेक्षा मागं आहे, आप्पा म्हणत होते की ढुंगण धरायचं नसतं, पाय धरायचा असतो.

‘मी पयली आलीया!’

हलग्या थांबल्या. सगळे वळले. ठकू उभी होती, घामानं निथळत, गळ्यात तुटलेली लाल दोरी. तिला कुणी सराव दिला नव्हता, बाप भट्टीवर, त्यामुळे शिट्टी वाजल्यावर ती आपली दर वर्षीसारखी जीव तोडून पळाली होती. रेघ गाठली होती, दोरी तोडली होती, आणि शाळेच्या नियमाप्रमाणे शेवटच्याला आणायला सगळा माळ पुन्हा लंगडत इथवर आली होती.

‘कुनी बगितलं का?’ तिनं विचारलं.

सिस्टरांशिवाय कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्या गावानं तिच्याकडे पाठ केली होती.

ठकू रडली नाही, ती चिडली. ‘आमाला पयला नंबर कदी गावत न्हाई. आज गावला तर समद्यांनी तोंडं फिरवली. आन् शेवटचा तेवडा आमचा हुता, त्यो बी तुमालाच पायजे व्हय?’

मी माझ्या बापाला त्याआधी आणि त्यानंतरही कधी असं बघितलं नाही. बैलगाड्याच्या घाटात उभं आयुष्य गेलेला माणूस तो. एखादी बारी जिवानिशी धावावी आणि ती कुणी बघूच नये, यापेक्षा मोठं पाप त्यांना माहीत नव्हतं. त्यांची मान खाली गेली. ते तात्यांना म्हणाले, ‘तात्या, तू तरी बगितलंस का रं?’ तात्यांनी मान हलवली. वैर पत्करल्यापासून दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी धड बोलले होते. मग आप्पांनी गुलालाची पिशवी उघडली, घाटात पुकारा करतात तसा छाती फुगवून आवाज काढला, ‘भऱ्याच्या माळावर, पयली बारी, ठकू काळू वाघमारेऽऽ!’ आणि मूठभर गुलाल उधळला. तो सगळा ठकूच्या डोळ्यांत गेला. ‘आवं, डोळं!’ ती किंचाळली, ‘आंधळी करता का आता?’ सगळा माळ हसला, ठकूही शिंकत शिंकत हसली, आणि मला मात्र रडू कोसळलं, कारण ढालीचा निकाल अजून लागायचाच होता.

ठकूनं मला आणि दिल्याला एकेका हातानं धरलं आणि रेघेपर्यंत ओढत नेलं. वाटेत तिनं माझा हात असा करकचून आवळला की बोटं बधिर झाली. बाकीची पोरं तोवर पोचली होती, आम्ही दोघं एकदमच रेघ ओलांडून पडलो. दोन्ही बाप सिस्टरांकडे बघायला लागले. सिस्टरांनी ढाल हातात घेतली होती, आणि हसू दाबायच्या नादात त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. म्हणाल्या, ‘ही ढाल मागे राहिलेल्यासाठी असते. मागे सरणाऱ्यांसाठी नाही.’ आणि सगळा गाव जिच्याकडे पाठ करून उभा होता, त्या ठकूकडे त्यांनी ती दिली. ठकूनं ती फ्रॉकनं पुसली, आत तोंड बघितलं, नाकावरचा गुलाल पुसला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाली, ‘उद्या संडासाची माजी पाळी तू करायची.’ मी आनंदानं हो म्हणाले. उद्या मी शाळेत असेन की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

तो माळ आता राहिला नाही. तिथं सोसायटी झाली आहे आणि आवारात पळायला गोल रस्ता केलाय. माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा नांदेडचा पोरगा हिंजवडीहून दमून येतो आणि तरी त्या रस्त्यावर पळतो. तो कुठंच पोचत नाही, पण मनगटावरचं घड्याळ त्याला शाबासकी देतं. मी गच्चीतून बघते. मागं कुणी राहिलंय का हे बघायला तो कधी थांबत नाही. त्याचा तरी काय दोष? त्या रस्त्याला शेवटची रेघच नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरी निघालो. आप्पा पुढं, मी मागं, मागं चालायची आता सवयच झाली होती. ओढा ओलांडला. शेवटी मीच विचारलं, ‘आप्पा, माझं नाव काढणार?’

आप्पा थांबले. ‘काय म्हनलो हुतो मी? ढाल तात्याच्या घरात गेली तर. गेली का?’

‘न्हाई.’

‘मंग? शब्द म्हंजी शब्द.’ ते पुन्हा चालायला लागले. बांधाच्या वळणावर पुन्हा थांबले. मी जवळ जाईपर्यंत उभे राहिले आणि मग माझ्या बरोबरीनं चालू लागले, जे त्यांनी आयुष्यात कुणाबरोबरही केलं नव्हतं.

‘शाले,’ ते म्हणाले, ‘पुढल्या वर्साला पयलं यायचं का शेवटचं, त्ये ठकूला इचार. मला त्यातलं काय कळत न्हाई.’